हळदीच्या वाळवणावर उतरलेल्या रॉकेटबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, तळणवाडी,
जि. नांदेड.

अर्जदार : श्रीमती तनुजा मल्लिकार्जुन शेटकार, सेवानिवृत्त अव्वल कारकून, रा. जुना मोंढा, तळणवाडी.

विषय : कागदी नळीच्या छोट्या रॉकेटच्या दोन उड्डाणांना कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत, तसेच श्री. शेषेराव माणिकराव पवळे यांचा तक्रार अर्ज निकाली काढणेबाबत.

संदर्भ : १) "सदर यंत्र कोणत्या विभागासाठी उडविले याचा खुलासा करावा" हे आपल्या कार्यालयाचे पत्र.
२) श्री. पवळे यांचा तक्रार अर्ज.
३) अर्जदाराचा पूर्वपरवानगीचा अर्ज, जो "विषय या कार्यालयाशी संबंधित नाही" या शेऱ्यासह परत आला.

महोदय,

संदर्भ क्र. १ अन्वये आपण अर्जदाराकडून तीन ओळींत खुलासा मागविला आहे. अर्जदाराने तीन ओळींचा खुलासा दोनदा लिहून पाहिला. दोन्ही वेळा तो वाचल्यावर असे वाटले की, लिहिणाऱ्या बाईला आधी दवाखान्यात न्यावे आणि खुलासा मग विचारावा. सबब, घडले ते घडले त्या क्रमाने सांगण्याची मुभा असावी.

१. अर्जदार ही आपल्याच कार्यालयातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. आपण येथे नव्याने रुजू झाला आहात, त्यामुळे ओळख नाही. सेवेत असताना अर्जदाराने लोकांचे पुष्कळ अर्ज वाचले. अर्जात "मी, मला, माझे" फार आले की लिहिणारा रडू लागतो आणि मुद्दा बाजूला राहतो, असा अनुभव असल्याने अर्जदार स्वतःला अर्जदारच म्हणते. यात गर्व नाही, सवय आहे.

२. मागील हिवाळ्यात अर्जदार पेन्शनच्या कामासाठी नांदेडला गेली होती. काम लवकर झाले, ही बाबच मुळात अनपेक्षित. बसला वेळ होता म्हणून एका महाविद्यालयाच्या मैदानावर भरलेले विज्ञान प्रदर्शन बघायला ती आत शिरली. तेथील एका स्टॉलवर एक लांबट खोका होता. खोक्यावर निळ्या आभाळात सरळ वर निघालेल्या रॉकेटचे चित्र होते आणि खाली "वय वर्षे दहा व त्यापुढील" असे छापले होते. स्टॉलवरच्या मुलीला अर्जदाराने विचारले, "त्यापुढील म्हणजे कुठपर्यंत?"

मुलगी म्हणाली, "वरची मर्यादा लिहिलेली नाही मॅडम."

नियमात वरची मर्यादा नसेल तर ती कोणी आपल्या मनाने घालू नये, हे अर्जदाराने आयुष्यभर इतरांना सांगितले आहे. तिने खोका घेतला. परतीच्या बसमध्ये कंडक्टरने विचारले, "मावशी, आत काय, पतंग का?" अर्जदाराने खरे ते सांगितले. त्यावर तो म्हणाला, "मग वरच्या फळीवर ठेवू नका, मांडीवरच धरा." भोकरच्या पुढे येईपर्यंत अर्ध्या बसने तो खोका हातात घेऊन बघितला.

३. या प्रकरणातील दुसऱ्या व्यक्ती म्हणजे श्रीमती गौसिया बेगम शेख जिलानी. अर्जदाराच्या घराला भिंत लागून त्यांचे घर आणि पुढे लेडीज टेलरचे दुकान. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आणि निम्म्या मुलींचे पंजाबी ड्रेस त्यांच्या हातचे. अर्जदार त्यांना आपा म्हणते, त्या अर्जदाराला बाई म्हणतात. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या. एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींच्या चुली सांभाळल्या आणि पुढे मागेपुढे विधवा झाल्या. आपांचे डोळे आता सुईत दोरा ओवायला साथ देत नाहीत. त्यांचा मुलगा कलीम लातूरला मोटार रिवाइंडिंगचे काम करतो. ईद झाली की आईला कायमचे लातूरला न्यायचे, असे त्याने ठरवले होते. मुलगा चांगला आहे, त्याचे काही चुकले नाही. पण आपा जाणार हा विषय दोघी बोलण्यात येऊ देत नसत. दुकान बंद झाले, शिवणयंत्रावर चादर पडली, तरी दोघी रोज दुपारी तिथेच बसत आणि भलत्याच गोष्टींवर बोलत.

अशा एका दुपारी अर्जदाराने तो खोका कापड कापायच्या टेबलावर उघडला. जाड पुठ्ठ्याची नळी, प्लॅस्टिकचे टोक, पातळ लाकडाचे पंख, रबराची दोरी, लहानसे प्लॅस्टिकचे पॅराशूट, ते जळू नये म्हणून घालायचा न जळणारा कागद, रॉकेट उभे करायची सळई, तीन इंजिने आणि ती लांबून पेटवायला बटणाचा डबा. इंजिन म्हणजे बोटाएवढी गच्च भरलेली नळकांडी. आपांनी सगळे उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "ह्याच्यात शिलाई कुठं हाय?"

"शिलाई नाही आपा, चिकटवायचं आहे."

"मग टिकंल का?"

सूचनापत्रक इंग्रजीत होते. अर्जदार एकेक ओळ मराठीत करून वाचू लागली : "पंख नळीस समान अंतरावर चिकटविण्यात यावेत. चिकटविल्यानंतर ते पूर्णतः वाळेपर्यंत हलविण्यात येऊ नयेत." आपा पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही रॉकेटला नोटीस देऊन राहिल्या का?"

अर्जदाराला धीर कमी. तिने हात लवकर काढला आणि एक पंख वाकडा बसला. तसाच चालेल असे अर्जदाराचे मत होते. आपांनी एक डोळा मिटून नळीच्या टोकावरून पाहिले आणि शिवणकामाच्या भाषेत निकाल दिला, "कळी तिरकी बसली. उसवा." पंख उसवला, म्हणजे ब्लेडने सोडवला, आणि नव्याने बसवला. त्या काळात अर्जदाराची दुपारची झोप सुटली, आणि लातूर हे शहर नकाशावर आहे याचा दोघींना बऱ्यापैकी विसर पडला.

४. पुढे जे झाले त्याचे मूळ पॅराशूटमध्ये आहे, म्हणून ते स्पष्ट नोंदवते. खोक्यातले पॅराशूट जेवणाच्या ताटाएवढे होते. आपांना ते पटेना. "येवढं वर जाणार, आन् खाली येताना हे बाळाचं टोपडं? लाज वाटंल त्याला." त्यांनी जुन्या लाल मलमलच्या ओढणीतून परातीएवढे पॅराशूट कापले, कडा दुमडून बारीक टीप मारली, दोऱ्या बसवल्या. मलमल इतकी तलम की घडी घातल्यावर नळीत सहज मावली. पॅराशूट मोठे झाले म्हणजे वारा त्याला लांब नेईल, असे सूचनापत्रकात लिहिले होते. अर्जदाराने ती ओळ वाचली होती. पण इतकी सुरेख टीप बघून ती मोठ्याने वाचली नाही.

५. उड्डाणापूर्वी अर्जदाराने रीतसर पूर्वपरवानगीचा अर्ज आपल्या कार्यालयात दिला. तो वर नमूद केलेल्या शेऱ्यासह परत आला. ज्या विषयाशी कार्यालयाचा संबंध नाही त्याला कार्यालयाची हरकतही नसावी, असा अर्थ अर्जदाराने घेतला. तिच्या जागी आपण असता तर आपणही तोच घेतला असता, असे नम्रपणे वाटते.

६. पहिले उड्डाण ईदनंतरच्या आठवड्यात सकाळी, गावाबाहेर अर्जदाराच्या दिरांच्या नांगरून टाकलेल्या रानात झाले. आसपास वाळले गवत नव्हते. पाण्याची बादली जवळ होती. रॉकेट सळईवर चढवले, तारा जोडल्या, दोघी लांब सरकल्या. पाचपासून उलटे मोजून अर्जदाराने बटण दाबले.

काही झाले नाही.

"झोपलं का काय?" आपा म्हणाल्या.

लगेच जवळ जायचे नाही, असा नियम असल्याने दोघी तिथेच उभ्या राहिल्या. मग अर्जदाराने जाऊन पाहिले, तर तारांचे दोन चिमटे एकमेकांना चिकटले होते. ते वेगळे केले. पुन्हा मागे येऊन पुन्हा मोजले, पुन्हा दाबले.

या ठिकाणी अर्जदाराची सरकारी भाषा कमी पडते. फुस्स असा आवाज आला, आणि जिथे रॉकेट होते तिथे ते नव्हते. मान वर करेपर्यंत ते चिमणीएवढे झाले होते. मागे पांढऱ्या धुराची एक रेघ, अगदी सरळ. आपांनी अर्जदाराचे मनगट इतके घट्ट धरले की बांगडी रुतली. "गया, बाई," त्या हळूच म्हणाल्या, "सच्ची गया." मग वर एक बारीक फट् झाले, टोक सुटले आणि लाल मलमल आभाळात उघडली. आपले काही एवढे वर जाऊन तिथे असे उमलेल, हे दोघींनाही तोवर खरे वाटले नव्हते. अर्जदाराच्या डोळ्यांना पाणी आले. ऊन होते, हेही खरे.

त्यानंतर वारा सुटला. लाल पॅराशूट खाली यायच्या ऐवजी आडवे चालू लागले. रान ओलांडले, बांध ओलांडला, ओढ्याकडे निघाले. साठीच्या दोन बायका त्याच्या मागे धावल्या. आपा चपला हातात घेऊन धावत होत्या आणि धावताना हसत होत्या, त्यामुळे त्यांना धावता येत नव्हते.

७. ओढ्यापलीकडे श्री. शेषेराव पवळे यांचे रान आहे. त्या दिवशी त्यांनी शिजवलेली हळद उन्हात पसरली होती. रॉकेट त्या वाळवणाच्या मधोमध उतरले. हळदीचे काही नुकसान झाले नाही, हे त्यांनीही मान्य केले आहे.

श्री. पवळे यांची बाजू आधी सांगणे न्यायाचे होईल. वर्षभर गावात वळणरस्त्याची चर्चा आहे. कोण म्हणते तो ओढ्याच्या अलीकडून जाणार, कोण म्हणते पलीकडून. मध्ये एकदा कुणाचा तरी ड्रोन रानावरून फिरून गेला. एकदा बांधावर रंग लावलेल्या खुंट्या सापडल्या. विचारायला गेले की ज्याला त्याला दुसऱ्या टेबलाकडे पाठवतात. अशा माणसाच्या हळदीत आभाळातून पंखवाली नळी पडली, तर त्याने काय समजावे?

अर्जदार व आपा पुलावरून वळसा घालून पोचल्या तेव्हा रॉकेट दिसेना. श्री. पवळे यांनी त्यावर कोंबड्या झाकायचे डालगे पालथे घातले होते आणि डालग्यावर दगड ठेवला होता. स्वतः शेजारी काठी घेऊन बसले होते. त्यांचे शब्द जसेच्या तसे देत आहे, शुद्ध करून लिहिले तर अर्थ जातो.

"कुणाचं हाय ह्ये?"

"आमचं आहे, शेषेरावभाऊ," अर्जदार म्हणाली.

"तुम्ही तर तहसीलच्या बाई."

"होते. आता निवृत्त आहे."

"मोजणी करून राहिले का आमच्या रानाची? खरं सांगा."

"मोजणी नाही. ते नुसतं वर जातं आणि खाली येतं."

श्री. पवळे यांनी बराच वेळ दोघींकडे पाहिले. मग म्हणाले, "रिकाम्या नळीसाठी शहाण्या बाया ओढ्यापलीकडं पळत येतात व्हय?"

रॉकेट डालग्याखाली राहिले.

८. यानंतरचा पत्रव्यवहार आपल्या दप्तरी आहेच. श्री. पवळे यांनी अर्ज दिला की, सरकारने आपले यंत्र परत न्यावे, आणि नेताना रस्ता या रानातून जाणार नाही असे लिहून द्यावे. कार्यालयाने कळविले की, कार्यालयाने कोणतेही यंत्र सोडलेले नसल्याने ते परत नेता येत नाही. ते म्हणाले, मग जाणार नाही एवढे तरी लिहून द्या. त्यावर, यंत्राच्या अर्जावर रस्त्याचे उत्तर देता येत नाही, असे उत्तर मिळाले. आणि अर्जदाराला संदर्भ क्र. १ चे पत्र आले. जो विषय परवानगीच्या वेळी कार्यालयाशी संबंधित नव्हता, तो तक्रारीच्या वेळी संबंधित कसा झाला, हे विचारण्याचा मोह अर्जदाराने आवरला होता. आता तो येथे लिहून मोकळी होते.

दरम्यान कलीमचा फोन आला. टेम्पो ठरला होता. सामान बांधायला लागा, म्हणाला. आपांनी फोन ठेवला आणि अर्जदाराला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई ते रॉकेट. एकदा गेलं ना वर, बस झालं."

अर्जदाराने सेवेत अनेकांचे "राहू दे" ऐकले आहे. माणूस मनापासून थकला की तसे म्हणतो. आपांच्या तोंडून ते ऐकवले नाही. अर्जदार उठली, चप्पल घातली, उरलेल्या सामानाचा खोका काखेत घेतला आणि म्हणाली, "चला."

९. दोघी दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा डालगे रिकामे होते. श्री. पवळे यांच्या पत्नी साखराबाई यांनी रॉकेट घरात नेऊन देव्हाऱ्याच्या शेजारच्या कोनाड्यात उभे केले होते. त्या म्हणाल्या, "उंदरं कुरतडतील म्हून उचललं. लई हलकं हाय. पाखरावानी."

अर्जदाराने श्री. पवळे यांच्यासमोर ओसरीवर रॉकेट सोडवून दाखवले. टोक काढले, कापड काढले, न जळणारा कागद काढला, जळून गेलेले नळकांडे काढले. श्री. पवळे यांनी नळी डोळ्याला लावून बायकोकडे पाहिले.

"काय दिसतंय?" साखराबाईंनी विचारले.

"तूच."

"मग बरं हाय की."

"रिकामी हाय," ते कबूल झाले. पण समाधान झाले नव्हते. नळी मांडीवर ठेवून त्यांनी आधीचाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, या वेळी रागाने नाही. "मला येवढंच सांगा, ह्याचा उपयोग काय?"

तेव्हा आपा बोलल्या. "भाऊ, मी लातूरला चालले, पोराकडं. आता परत कधी यायचं, यकीन न्हाई. आम्ही दोघी हितं आलो तेव्हापासून शिवणं, रांधणं, फायली, सगळं काही ना काही कामाचं केलं. एकदा बिनकामाचं केलं. ते तुमच्या हळदीत पडलं."

साखराबाईंनी पाण्याचा तांब्या आपांपुढे सरकवला. श्री. पवळे यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मग माझ्या म्होरं सोडा एकदा. माझ्याच रानातून. पर सरकारी माणूस पाहिजे बघायला. उद्या कुणी म्हणायला नको, पवळ्याला बायकांनी गंडवलं."

१०. सरकारी माणूस अशा वेळी कधीच मिळत नाही, हा अर्जदाराचा अंदाज चुकला. ग्राम महसूल अधिकारी श्री. रविकिरण गुट्टे पिकांच्या नोंदीसाठी त्याच दिवशी शिवारात आले होते. श्री. पवळे यांनी त्यांना बांधावर गाठून मोटारसायकलची चावी काढून घेतली, आणि "धा मिंटाचं काम हाय" असे सांगून आणले. श्री. गुट्टे तरुण आहेत, अदबशीर आहेत. परिस्थिती समजल्यावर ते अर्जदाराला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, माझ्या कामाच्या यादीत रॉकेट नाही."

अर्जदार म्हणाली, "तुम्ही काही करू नका. फक्त वर बघा. वर बघायला कोणत्याही नियमाने मनाई नाही."

तरी एक अडचण होती. तेच पॅराशूट, तोच वारा. या वेळी ते कुठे जाऊन पडेल याचा नेम नव्हता. सूचनापत्रकात उपाय होता : पॅराशूटच्या मधोमध गोल छिद्र कापावे, म्हणजे हवा निघून जाते आणि ते सरळ खाली येते. अर्जदाराने आता ती ओळ मोठ्याने वाचली.

आपांनी पॅराशूट छातीशी धरले. "चांगल्या कपड्याला मधी भोक? मी न्हाई पाडनार."

कोणी आग्रह केला नाही. आपा थोडा वेळ ते कापड मांडीवर पसरून बसल्या. मग साखराबाईंकडे कात्री मागितली, एक वाटी मागितली, वाटी मधोमध पालथी घालून खडूऐवजी हळदीच्या तुकड्याने गोल आखला आणि कापला. छिद्र उघडे ठेवणे त्यांच्या हाताला जमेना, म्हणून काठाला हातशिलाई घालायला घेतली. सुईत दोरा साखराबाईंनी ओवून दिला. श्री. गुट्टे यांनी दोनदा घड्याळ पाहिले, पण चावी श्री. पवळे यांच्या बंडीत होती.

११. हळद काढून मोकळ्या झालेल्या रानात, पाणी शिंपडून, सळई रोवली. चिमटे वेगळे असल्याची अर्जदाराने स्वतः खात्री केली. बटण कोणी दाबायचे यावर मतभेद झाले. श्री. पवळे यांचे म्हणणे, सरकारी माणसाने दाबावे. श्री. गुट्टे यांनी दोन्ही हात खिशात घातले. आपा म्हणाल्या, बाईंनी दाबावे. अर्जदार म्हणाली, आपांनी. हे चालले असताना साखराबाई पदराला हात पुसत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आणा हिकडं. सकाळपून ह्यांचं ऐकून राहिले मी."

श्री. पवळे यांनी मोजले. उलटे मोजायची सवय नसल्याने ते चारवरून एकदम दोनवर आले. साखराबाईंनी तेवढ्यात बटण दाबले.

रॉकेट गेले. या खेपेला धुराची रेघ हळदीच्या रानातून निघाली. शेजारच्या शेतातली माणसे काम थांबवून उभी राहिली. श्री. गुट्टे यांचे हात खिशातून केव्हा बाहेर आले, ते त्यांनाही कळले नसावे. वर लाल ठिपका उघडला, मध्ये आभाळाचा एक छोटा गोल तुकडा घेऊन. आणि तो सरळ, अगदी सावकाश, आमच्याकडेच येऊ लागला. साखराबाई म्हणाल्या, "वरून आपलं घर केवढं दिसत असंल?"

श्री. पवळे यांनी डोक्याचा फेटा सोडला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि वर बघत बघत त्याच्या खाली धावले. एकदा ढेकळाला अडखळले, पुन्हा सावरले. रॉकेट फेट्यात अलगद उतरले. ते तिथेच उभे राहिले, नळी हातात घेऊन, धापा टाकत. बायकोला लांबून म्हणाले, "मोजणी न्हाई गं. ह्ये आपलं असंच हाय."

त्यानंतर त्यांनी श्री. गुट्टे यांना चावी परत दिली, आणि अर्जदाराच्या हाती रॉकेट देत सांगितले की तक्रार मागे घेतो, कुठं अंगठा लावायचा ते दाखवा. त्यांना सही येते, हे साखराबाईंनी लगेच सांगितले.

वरील वस्तुस्थितीस अनुसरून अर्जदाराच्या विनंत्या पुढीलप्रमाणे आहेत.

दोन्ही उड्डाणांना कार्योत्तर मंजुरी द्यावी. ती देण्याचा अधिकार आपणांस नसल्यास विषय या कार्यालयाशी संबंधित नाही, एवढा शेरा पुन्हा एकदा मिळाला तरी अर्जदाराचे काम भागेल.

श्री. गुट्टे यांनी शासकीय वेळेत वर पाहिले याबद्दल त्यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये.

श्री. पवळे यांचा यंत्राबाबतचा तक्रार अर्ज त्यांच्या सहीने सोबत मागे घेतला आहे. परंतु त्यातला रस्त्याबाबतचा प्रश्न त्यांनी मागे घेतलेला नाही, आणि घेऊही नये, असा सल्ला अर्जदाराने दिला आहे. रस्ता त्यांच्या रानातून जाणार असेल तर तसे, नसेल तर तसे, अजून ठरले नसेल तर तेही, एकदा लेखी कळवावे. आभाळातून काय पडते त्यावरून माणसाने आपल्या जमिनीचा अंदाज बांधायचा, ही काही पद्धत नव्हे. अर्जदार अनेक वर्षे ज्या टेबलावर बसली तिथूनही लोकांना दुसऱ्या टेबलाकडे पाठवले जात असे. म्हणून ही विनंती ती जरा जोर देऊन करते.

श्री. पवळे यांची आणखी एक मागणी आहे की, त्यांच्या रानाच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात "येथून रॉकेट उडाले" अशी नोंद घ्यावी. अशी नोंद घेता येत नाही, हे अर्जदाराने त्यांना तीन प्रकारे समजावून सांगितले. ते म्हणाले, तुम्ही लिहा तर खरं. सबब लिहिले आहे.

शेवटी, रॉकेटच्या ताब्याबाबत. ते परत मिळावे, अशी मागणी आता उरलेली नाही. काल सकाळी कलीम टेम्पो घेऊन आला. शिवणयंत्र चढले, पेटी चढली, गल्लीतल्या बायका जमल्या. आपा शेवटी अर्जदाराकडे आल्या आणि रॉकेट मागून घेतले. अर्जदाराने इंजिन आणि बटणाचा डबाही पुढे केला. आपांनी ते हाताने मागे सारले. म्हणाल्या, "ते तुमच्याकडं. हे माझ्याकडं. म्हंजे एकटीनं कुणाला उडवता यायचं न्हाई." आणि कलीमच्या शेजारी पुढच्या सीटवर, नळी मांडीवर उभी धरून, निघून गेल्या. चौकात टेम्पो वळला तेव्हा खिडकीतून पांढरे टोक तेवढे दिसत होते.

एक इंजिन शिल्लक आहे. अर्जदाराने लातूरच्या बसची चौकशी केली आहे. सबब, या अर्जाचे उत्तर पुढील आठवड्यात आल्यास ते शेजारी द्यावे, अर्जदार गावी नसेल. लातूर येथील उड्डाणासाठी तेथील मा. तहसीलदार यांच्याकडे स्वतंत्र अर्ज करण्यात येईल. तो या अर्जापेक्षा लहान असेल.

आपली नम्र,

(सही)
तनुजा मल्लिकार्जुन शेटकार

स्थळ : तळणवाडी
दिनांक : १७ एप्रिल २०२५

सोबत :
१) पूर्वपरवानगीचा मूळ अर्ज, शेऱ्यासह.
२) श्री. शेषेराव पवळे यांचे तक्रार मागे घेतल्याचे पत्र. (सही त्यांची, अक्षर साखराबाईंचे.)
३) पॅराशूटच्या मध्यभागातून कापलेला लाल मलमलचा गोल तुकडा, नमुन्यादाखल. पाहून झाल्यावर परत मिळावा, आपांनी मागितला आहे.